एका कानात आवाज कमी येतोय किंवा बेस गेलाय? आधी बघा तुमचे इअरबड आहेत की आयईएम, तपासणी तिथूनच वेगळी होते

आधी लक्षणं सांगतो, तुमचं यातलं कुठलं ते बघा.

एका बाजूचा आवाज हळूहळू कमी होत गेलाय, इतका हळू की कधी सुरू झालं ते आठवत नाही. किंवा दोन्ही बाजू वाजतायत पण डग्ग्याचा घुमारा गेलाय, नुसती तबल्याची चाट ऐकू येते. किंवा सगळी वाद्यं ऐकू येतायत पण गायकाचा आवाजच गायब, आणि जे काही येतंय ते पोकळ. केबल हलवली की खर्र होतं आणि एक बाजू जाते-येते. ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकलने वाशीपर्यंत ऐकत गेलात की तुर्भे यायच्या आत एक बाजू दबते आणि रात्रभर ठेवली की सकाळी ठीक. कानात घालताना आतून कुर्र असा बारीक आवाज येतो आणि मग ती बाजू कमी वाजते. गाणं आपोआप थांबतं, आपोआप सुरू होतं. मीटिंगमध्ये माइक चालू केला की गाण्याचा आवाज एकदम पातळ होतो.

ही आठ वेगवेगळी दुखणी आहेत आणि माझ्याकडे येणारे जवळजवळ सगळे एकच वाक्य बोलतात, "दादा, डावा गेला, ड्रायव्हर उडालाय." ड्रायव्हर म्हणजे आतला आवाज काढणारा छोटा स्पीकर. मी ठाण्यात राहतो, वाद्यवृंदांना साउंड करतो, स्टेजवर गायक-वादकांच्या कानातलं मॉनिटरिंग बघतो आणि त्यामुळे ओळखीतल्या सगळ्यांचे इअरफोन दुरुस्तीला माझ्याकडेच येतात, कॉलेजची पोरं, ऐरोली-घणसोलीच्या ऑफिसात दिवसभर कॉलवर असणाऱ्या ताई, भजनी मंडळातले काका, सगळे. आणि मनापासून सांगतो, खरोखर ड्रायव्हर उडालेला क्वचितच सापडतो. बहुतेक वेळा सील, म्हणजे टिपने कानाची नळी बंद होणं, नीट झालेलं नसतं नाहीतर तोंडावरची बारीक जाळी मळाने बंद झालेली असते, आणि दोन्ही गोष्टी घरी, फुकटात बघता येतात. लोक मात्र चांगला पीस टाकून नवीन घेतात आणि नवीनमध्येही तीनचार महिन्यांनी तेच. हे थांबावं म्हणून एवढं लांब लिहितोय.

आता इअरबड आणि आयईएम यातला फरक, कारण तो कळला नाही तर पुढचं काहीच कळणार नाही. पेटीवर काय छापलंय ते सोडा, आकार बघा. जो चपटा, गोल, बटणासारखा असतो आणि कानाच्या बाहेरच्या खळग्यात नुसता टेकतो तो इअरबड. त्याला रबरी टिप नसते, फार तर फोमचं काळं कव्हर असतं. आत साधारण १४-१५ मिलिमीटरचा मोठा ड्रायव्हर असतो कारण कान उघडाच राहतो, बेस बाहेर गळतो, आणि ती गळती भरून काढायला तेवढी हवा हलवावी लागते. आयईएम म्हणजे इन-इअर मॉनिटर, त्याला पुढे नळी असते, नोझल म्हणतात, त्यावर सिलिकॉनची किंवा फोमची टिप, आणि ती टिप कानाच्या नळीत जाऊन नळी पूर्ण बंद करते. आत ड्रायव्हर छोटा, १० मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी, किंवा बॅलन्स्ड आर्मेचर नावाचा अगदी दाण्याएवढा रिसीव्हर, जो मुळात श्रवणयंत्रात वापरतात. एवढासा ड्रायव्हर घसघशीत बेस देतो तो केवळ टिप आणि कानाचा पडदा यांच्यामध्ये अडकलेल्या थोड्याशा हवेच्या जोरावर. सील फुटलं की बेस संपला, मग तुमचा आयईएम हजाराचा असो की पन्नास हजाराचा.

स्टेजवर हे सील का लागतं तेही सांगतो. पूर्वी गायकासमोर जमिनीवर तिरके स्पीकर ठेवायचे, वेज. मागे ड्रम्स, बाजूला ढोलकी, समोर वेज, सगळे एकमेकांवर ओरडणार आणि गायक त्या सगळ्यांवर. १९९५ मध्ये व्हॅन हेलन बँडचा मॉनिटर इंजिनिअर जेरी हार्वी याने ड्रमर अ‍ॅलेक्स व्हॅन हेलनसाठी कानात बसणारे मॉनिटर बनवले आणि त्यातून अल्टिमेट इअर्स ही कंपनी उभी राहिली. म्हणजे बाहेरचा गोंगाट अडवायचा आणि कमी आवाजात स्वतःला ऐकायचं यासाठी ती वस्तू आहे. इअरबड बाहेरचं काही अडवत नाही. त्यामुळे इअरबड घालून लोकलमध्ये "बेस येत नाही" ही तक्रार असेल तर तो बिघाड नाही, त्याची रचनाच तशी आहे आणि कितीही साफ केलं तरी त्यात फरक पडणार नाही.

रबरी टिपवाले वायरलेस, म्हणजे टीडब्ल्यूएस, हे या तपासणीपुरते आयईएमच धरा. बिनटिपवाले वायरलेस इअरबडमध्ये धरा.

आता तपासणी. क्रम बदलू नका, कारण वरचं फुकट आहे आणि खालचं पैशाचं.

सगळ्यात पहिलं, बाजू बदलून बघा. डावा उजव्या कानात घाला, उजवा डाव्यात. उलटे बसतील, विचित्र वाटेल, हाताने धरून ठेवा, दहा सेकंदांचं काम आहे. गाणं नको, तानपुऱ्याचं अ‍ॅप लावा कारण तो सतत एकसारखा वाजतो आणि तुलना करायला सोपं जातं. कमी आवाज इअरफोनसोबत दुसऱ्या कानात गेला तर दोष इअरफोनच्या बाजूला आहे, किंवा केबल, फोन यात. कमी आवाज त्याच कानात राहिला तर दोष कानात आहे किंवा त्या कानात टिप बसत नाहीये. एवढ्या एका गोष्टीने अर्धे लोक वाचतात आणि तरी ती कोणी करत नाही.

आणि इथेच पहिला थांबा आहे. बाजू बदलूनही त्याच कानात कमी येत असेल आणि हे एक-दोन दिवसांत अचानक झालं असेल, कानात शिट्टीसारखा आवाज किंवा चक्कर असेल, तर इअरफोन बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. एका कानाचं ऐकणं अचानक कमी होणं हा तातडीचा आजार असू शकतो, त्याला औषध आहे पण ते पहिल्या काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत सुरू झालं तर उपयोग व्हायची शक्यता जास्त. लोक नवे इअरफोन मागवून डिलिव्हरीची वाट बघण्यात तेच दिवस घालवतात. आणि हळूहळू कमी झालेलं असेल, कान दडा बसल्यासारखा वाटत असेल तर बहुतेक मळ असतो, तोही डॉक्टरकडूनच काढायचा. कापसाची काडी घालून तो आत ढकलला जातो, बाहेर येत नाही. आयईएम वापरणाऱ्यांमध्ये हे जास्त होतं कारण टिप रोज मळाला आत दाबत असते.

दुसरं, फोनचं सेटिंग. अँड्रॉइड असो की आयफोन, सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी, त्यात ऑडिओ, तिथे डावी-उजवीकडे सरकणारा बॅलन्सचा स्लायडर असतो. तो मध्यभागी आहे ना बघा. घरात लहान मूल फोन हाताळत असेल तर हे नक्की बघा. तिथेच मोनो ऑडिओचा स्विच असतो, तो चालू असला तर आवाज कमी होत नाही पण डावं-उजवं एकच होतं आणि गाणं डोक्यात मधोमध चिकटतं, लोकांना वाटतं बिघडलं. मग दुसऱ्या फोनला किंवा लॅपटॉपला लावून बघा. दुसरीकडे नीट वाजलं तर इअरफोनला हातसुद्धा लावायचा नाही.

ब्लूटूथवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. मीटिंग सुरू झाली की आवाज पातळ, डबाबंद होतो ती तक्रार मला ऑफिसवाल्यांकडून खूप येते. माइक चालू झाला की ब्लूटूथ गाण्याच्या प्रोफाइलवरून कॉलच्या प्रोफाइलवर जातं, तिथे आवाजाची रुंदीच कमी असते. मीटिंग संपली की परत ठीक होतं. लॅपटॉपवर माइक म्हणून लॅपटॉपचाच माइक निवडा, इअरफोन फक्त ऐकायला ठेवा, लगेच फरक पडेल. यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

तिसरं, जॅक आणि पोर्ट. गायकाचा आवाज गायब आणि बाकी सगळं पोकळ, हे लक्षण असेल तर इथेच थांबून नीट बघा, कारण हे जवळजवळ नेहमी जॅकचं असतं. ३.५ मिलिमीटरच्या माइकवाल्या जॅकवर चार भाग असतात, टोकाला डावा, मग उजवा, मग ग्राउंड, मग माइक. ग्राउंड नीट टेकला नाही की डावा आणि उजवा ड्रायव्हर एकमेकांतून वाजायला लागतात, दोघांत जे सारखं आहे ते कटतं आणि जे वेगळं आहे तेवढंच उरतं. गायकाचा आवाज मधोमध असतो, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखा, म्हणून तोच गायब होतो. हे घडतं कशामुळे, तर जाड कव्हर. कव्हरचं भोक छोटं आणि जॅकची मान जाड, जॅक केसभर बाहेर राहतो, बाहेरून बघताना पूर्ण गेल्यासारखा वाटतो. कव्हर काढा, जॅक टक असा आवाज येईपर्यंत दाबा. तरी तेच असेल तर फोन बंद करून भोकात टॉर्च मारा, खिशातल्या कपड्याचा कापूस तळाशी दाबून बसलेला असतो. लाकडी टूथपिकने हळू काढायचा, सुई किंवा सेफ्टी पिन नको, आतल्या पत्त्या वाकतात आणि मग पोर्ट बदलावं लागतं.

टाइप-सी वाल्यांनी आधी पोर्टमधला कचरा बघा आणि मग कनेक्टर. आणि नवीन फोन घेतल्यापासून जुना टाइप-सी कन्व्हर्टर चालत नसेल तर तो बिघडलाय असं धरू नका. काही कन्व्हर्टरमध्ये स्वतःची ऑडिओ चिप असते, काहींमध्ये नुसत्या तारा असतात आणि त्या फक्त पोर्टमधून तयार ऑडिओ सोडणाऱ्या फोनवरच चालतात. चिपवाला घ्या, विषय मिटेल.

गाणं आपोआप थांबत असेल तर केबलवर जी बटणाची छोटी डबी असते तिच्यात घाम किंवा पाणी गेलंय. फोनला वाटतं तुम्ही बटण दाबताय. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हे ठरलेलं. दोन दिवस कोरड्या जागी ठेवा, बऱ्याचदा सुटतं. नाही सुटलं तर केबल गेली.

चौथं, सील. हे फक्त आयईएमवाल्यांसाठी, आणि यावर जास्त लिहितोय कारण बेस गेल्याच्या तक्रारीतल्या बहुतेक इथेच संपतात.

फोन बाजूला ठेवा. दोन्ही आयईएम कानात घाला, ओठ मिटा आणि खालच्या पट्टीत म्म्म असं गुणगुणा. सील नीट असेल तर तुमचा स्वतःचा आवाज डोक्याच्या आत, भरलेला, घुमल्यासारखा येतो. आता लक्ष द्या तो आवाज मधोमध आहे की एका बाजूला झुकतोय. ज्या बाजूला झुकतोय तिथे सील चांगलं आहे, आणि दुसऱ्या बाजूला गळती आहे. यात ड्रायव्हरचा, केबलचा, फोनचा काही संबंध नाही, त्यामुळे ही तपासणी निव्वळ टिपची होते. मी स्टेजवर साउंडचेकच्या आधी प्रत्येक गायकाकडून हे करून घेतो. (दोन्ही टिपा चांगल्या घट्ट बसूनही गुणगुणणं एका बाजूलाच झुकत असेल तर त्या कानात मळ असू शकतो, तेव्हा वर डॉक्टरबद्दल लिहिलंय ते परत वाचा.)

दुसरी खूण म्हणजे गाणं चालू असताना आयईएम बोटाने हलकेच आत दाबा. दाबल्यावर डग्गा एकदम उभा राहिला आणि सोडल्यावर गेला तर ड्रायव्हर ठणठणीत आहे, टिप छोटी पडतेय किंवा वर वर बसलीये.

घालायची पद्धत असते आणि ती पेटीतल्या कागदावर असते, जो कोणी वाचत नाही. उजव्या कानात घालताना डावा हात डोक्यावरून किंवा मागून नेऊन उजव्या कानाची पाळी वरच्या बाजूने धरा, थोडी वर आणि मागे ओढा, नळी सरळ होते, मग आयईएम थोडा फिरवत आत सरकवा आणि पाळी सोडा. फोमची टिप असेल तर बोटांत वळून बारीक करा, आत घाला आणि फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद धरून ठेवा, लगेच हात काढला तर ती फुगता फुगता स्वतःच बाहेर सरकते. दोन कानांची नळी अगदी सारखी असेल असं नाही, डाव्याला मीडियम आणि उजव्याला लार्ज टिप लागणं यात काहीही चुकीचं नाही. पेटीतल्या तीनही जोड्या घरात कुठेतरी पडलेल्या असतात, शोधा. हरवल्या असतील तर वेगवेगळ्या मापांचं पाकीट शे-दोनशे रुपयांत मिळतं. सिलिकॉन टिप वापरून वापरून सैल आणि चकचकीत होते, तेव्हा ती बदलायचीच.

घालताना कुर्र असा आवाज येतो त्याबद्दल. टिप आत जाताना पुढची हवा दाबली जाते आणि ड्रायव्हरचा पातळ पडदा मागे वाकतो, तो आवाज त्याचा. कधीकधी पडदा वाकलेलाच राहतो आणि ती बाजू कमी वाजते. कानातून हळूच काढा, पाळी ओढून हळू परत घाला, बहुतेक वेळा लगेच सुटतो. जोरात, एकदम, पिचकारीसारखं घालू नका, रोज तसं करून पडद्याला कायमची घडी पडते. आयईएमच्या अंगावर टाचणीच्या टोकाएवढं एक भोक असतं, ते या हवेच्या दाबासाठीच असतं. त्यावर घामाचं मीठ किंवा क्रीम बसलं तर बेस बदलतो आणि कुर्र वाढतं. ते वरून कोरड्या ब्रशने साफ करा, भोकात काही घालू नका.

पाचवं, जाळी. हळूहळू कमी होत गेलेला आवाज म्हणजे जाळी, डोळे मिटून. टिप काढा, नोझलच्या टोकाला बारीक जाळी दिसेल. मोबाइलच्या टॉर्चखाली तिरकी धरा आणि डावी-उजवी शेजारी ठेवून बघा. उघडी जाळी निस्तेज दिसते आणि भोकं ठिपक्यांसारखी वेगवेगळी कळतात. बंद झालेली जाळी चकाकते, भोकांवर मधाच्या रंगाची साय धरल्यासारखी असते, बहुतेक वेळा अर्ध्या भागात, खालच्या बाजूला, कारण मळ वितळून तिथे उतरतो. एकदा दोन्ही शेजारी बघितल्या की परत कोणाला विचारावं लागणार नाही.

साफ करताना नोझलचं तोंड कायम जमिनीकडे. हा एक नियम पाळलात तर बाकी चुकलं तरी चालेल. वरून घासलं तर सुटलेला मळ आत ड्रायव्हरवर पडतो आणि मग साध्या दुखण्याचं मोठं दुखणं होतं. आधी मऊ, कोरडा ब्रश, लहान मुलांचा नवा टूथब्रश चालतो, खालून हलके झटके. मग स्टेशनरीत पोस्टर चिकटवायची निळी किंवा पांढरी चिकट पुटी मिळते तिचा गोळा जाळीवर हलका टेकवा आणि उचला, दाबून भरू नका. तीनचार वेळा, दरवेळी गोळ्याची नवी बाजू. तरी साय उरली तर शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाच्या काडीला ओलसर करून, निथळत नको, तोंड खालीच, जाळीवर टेकवायचं आणि टिश्यूवर टिपायचं. तासभर वाळू द्या. सॅनिटायझर जेल वापरू नका, त्यातला चिकटपणा जाळीत राहतो. पिन तर अजिबात नको, जाळी फाटते किंवा मळ आत जातो, आणि बॅलन्स्ड आर्मेचरवाल्यात ती पिन सरळ रिसीव्हरच्या तोंडापर्यंत पोचू शकते. टिपा मात्र काढून साबणाच्या पाण्यात खुशाल धुवा, फक्त पूर्ण वाळल्याशिवाय परत चढवू नका.

जाळी फाटलीच असेल तर चिकटणाऱ्या नव्या जाळ्या मिळतात, नोझलचा व्यास मोजून घ्यायच्या. दोन्ही बाजूंची एकदम बदला. काही जाळ्या मुद्दाम दाट असतात, आवाजाचा तिखटपणा कमी करायला, एक बाजू दाट आणि एक विरळ झाली तर दोन्ही कान वेगळे वाजतील.

इअरबडमध्ये वेगळं होतं. जाळी मोठी असते, मळाने पूर्ण बंद व्हायला वेळ लागतो, पण केस आत जातो आणि पडद्याला लागून खरखरतो, किंवा लोखंडाचा कण मॅग्नेटला चिकटतो. बेसच्या सुरावर बारीक फरफर येते, ती याची. फोमचं कव्हर काढून झटका, जाळी खाली करून ब्रश मारा. सुटलं तर सुटलं, कारण बहुतेक इअरबड चिकटवलेले असतात आणि उघडले की परत तसे बंद होत नाहीत.

टीडब्ल्यूएसमध्ये जाळी साफ करूनही एक बाजू कमी असेल तर आधी चार्जिंगच्या केसमधले आणि बडवरचे पितळी पॉइंट कोरड्या कापडाने पुसा, दोन्ही पूर्ण चार्ज होतायत का बघा, मग फोनमधून फर्गेट करा, कंपनीने सांगितलेल्या पद्धतीने रीसेट करा आणि परत जोडा. दोन बड आणि फोन यांचे व्हॉल्यूम वेगवेगळे अडकलेले असतात ते यात सुटतं.

सहावं, ओलावा. ट्रेनमध्ये चढल्यावर ठीक आणि उतरेपर्यंत एक बाजू दबलेली, सकाळी परत ठीक, हे पाण्याच्या वाफेचं काम. कानाची नळी गरम आणि दमट, सीलमुळे ती वाफ बाहेर जात नाही, नोझलमध्ये थंड होऊन जाळीवर पाण्याचा पडदा धरते. त्या पडद्यातून आवाज जात नाही. एसी लोकलमधून बाहेर पडल्यावर, घोडबंदर रोडला रिक्षात घामाघूम झाल्यावर, येऊरला चालायला गेल्यावर, हेच. जाळीवर टिश्यू टेकवा, टिप काढा, रात्री झाकण घट्ट लागणाऱ्या डबीत सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की पुडीचं काम संपलं, ती बदला. तांदळात ठेवू नका, त्याची धूळ जाळीत जाते. हेअर ड्रायर नको, त्या उष्णतेने पडद्याचा गोंद सुटतो. पावसाळ्यात ही डबी ठेवायची सवय लावलीत तर आयुष्य वाढतं आणि बंद जाळीची तक्रारही कमी होते, कारण ओला मळ लवकर चिकटतो.

सातवं, केबल. सुटी होणारी केबल असेल तर डावी तार उजव्या आयईएमला लावा. कमी आवाज तारेसोबत गेला तर तार खराब, आयईएमसोबत राहिला तर आयईएम. केबल न सुटणारी असेल तर गाणं लावून जॅकजवळ आणि जिथे दोन तारा फुटतात तिथे दोन बोटांत हळू वाकवत जा, तुटकी जागा खर्र करून सांगतेच.

दोन पिनची केबल असेल तर एक खास गोष्ट. पिन उलट्याही बसतात. एका बाजूची उलटी बसली की दोन ड्रायव्हर उलट दिशेने हलतात, एक पुढे तर एक मागे, आणि ऐकताना गायक मधोमध न राहता दोन्हीकडे पसरतो, बेसचा ठाव लागत नाही. आवाज दोन्हीकडे सारखाच असतो म्हणून कोणाला संशय येत नाही. नवी केबल लावल्यापासून मजा गेली असं वाटत असेल तर एकाच बाजूची पिन काढून उलटी करून बघा. घेताना माप बघून घ्या, ०.७८ मिलिमीटरचं सर्वसाधारण आहे पण प्रत्येकाचं सॉकेट तसं नसतं. पिन सरळ ओढून काढायच्या, हलवत हलवत काढल्या की सॉकेट सैल होतं. एमएमसीएक्स म्हणजे गोल, फिरणारा जोड, तो फिरवून फिरवून सैल होतो, तिथे खर्र आलं तर आधी अल्कोहोलने पुसा, मग दुसरी केबल लावून बघा.

मल्टिमीटर असेल तर जॅकवर ओहम मोजा, डावा-ग्राउंड आणि उजवा-ग्राउंड, क्षणभर टेकवून. साध्या एका ड्रायव्हरवाल्यात १६ किंवा ३२ च्या आसपास येतं. मल्टिड्रायव्हरमध्ये आकडा काहीही असो, दोन्ही बाजू जवळपास सारख्या हव्यात. एका बाजूला ओएल दाखवतंय म्हणजे तार तुटली. दोन्ही सारखे आहेत आणि तरी एक कमी वाजतोय म्हणजे परत जाळी बघा, तार ठीक आहे.

स्टेजवाल्यांसाठी थोडं. बॉडीपॅकमध्ये, म्हणजे कमरेला लावायच्या वायरलेस रिसीव्हरमध्ये, जॅक पूर्ण गेलाय का, ट्रान्समीटर मोनोवर आहे की स्टिरिओवर, आणि बॅलन्सचा नॉब कुठे आहे. काही सिस्टिममध्ये असा मोड असतो की तो नॉब डावं-उजवं करत नाही, दोन मिक्समधलं प्रमाण ठरवतो, त्यामुळे तो एका टोकाला गेला की गायकाला स्वतःचा आवाजच मिळत नाही आणि तो म्हणतो आयईएम बिघडला. आणि कृपा करून एक कान काढून गाऊ नका. एक काढला की बाहेरचा सगळा गोंगाट त्या कानातून येतो आणि दुसऱ्यात आवाज चढवावा लागतो. घरी ऐकणाऱ्यांनाही हेच, एक बाजू कमी आहे म्हणून व्हॉल्यूम वाढवून चालवून घेऊ नका, चांगली बाजू त्या कानाला जास्त मारते. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ही मर्यादा दिलीय, आणि तीन डेसिबल वाढले की तास निम्मे होतात.

आता थांबायचं कुठे. वॉरंटीत असेल तर साफसफाईच्या पुढे काही करू नका, उघडल्याच्या खुणा दिसल्या की बदलून मिळणार नाही. टीडब्ल्यूएस उघडू नका, आत लिथियमचा सेल असतो, चाकूने फट पाडताना तो टोचला तर पेटतो. बड किंवा केस फुगलेली दिसली, चार्जिंगला चटका लागेल इतकी तापली तर चार्ज करणं तिथेच बंद करा आणि ई-कचऱ्यात द्या, घरच्या डब्यात नको. न सुटणाऱ्या केबलचं सोल्डरिंग सवय नसेल तर करू नका, आतल्या तारा केसाएवढ्या, त्यांवर इनॅमल आणि मध्ये दोरा असतो, इनॅमल जाळल्याशिवाय कथील धरत नाही आणि जास्त वेळ तापवलं की प्लास्टिक वितळतं. हे जमणाऱ्याकडे द्या. स्वस्तातल्या इअरफोनला ती मजुरी परवडत नाही, तिथे नवीन घेणंच बरं. कानाचा साचा घेऊन बनवलेले कस्टम आयईएम असतील तर ते बनवणाऱ्याकडेच पाठवा, आणि कानाला ढिले झाले असतील तर नवा साचा ऑडिओलॉजिस्टकडूनच घ्या, घरी मेण किंवा पुटी कानात ओतायची नाही.

दुरुस्तीवाला निवडताना बघा तो आधी दुसऱ्या केबलवर किंवा दुसऱ्या फोनवर लावून बघतो का. न लावताच "ड्रायव्हर बदलावा लागेल" म्हणाला तर पीस परत घ्या. एकाच बाजूचा ड्रायव्हर बदलला तर दोन्ही बाजू परत जुळतीलच असं नाही, ते आधी विचारून घ्या. देताना दोन्ही बाजू, मूळ केबल आणि तुम्ही वापरता त्याच टिपा द्या, आणि कागदावर एवढंच लिहा, बाजू बदलल्यावर कमी आवाज कुठे गेला, केबल बदलल्यावर कुठे गेला, आणि हे हळूहळू झालं की अचानक.